पोचलं की मिस कॉल द्या

सासूबाई दृष्ट काढायला लागल्या की "मिरच्या वाया घालवू नका" म्हणणारी मी. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आता आहे का? माहीत नाही... झालं तेवढं सांगते.

२००७-०८ची गोष्ट, सुकापूरची. माझे मिस्टर सुधीर जाऊन वर्ष होत आलं होतं. तळोज्याला कंपनीत पोचले की रोज मिस कॉल द्यायचे, तीच आमची पद्धत. एकदा कामासाठी पेणला निघाले, वाटेत पळस्प्याला अपघात झाला... त्या दिवशी मिस कॉल आलाच नाही.

एका दुपारी खालच्या मजल्यावरच्या जुबेदा खाला रडत वर आल्या. त्यांचा मुलगा इम्रान दुबईला असतो. साईटवर डोक्यात मार लागून तो बेशुद्ध होता आणि ऑपरेशनसाठी आईची लेखी परवानगी ताबडतोब मेलने हवी होती. बाहेर लोडशेडिंग, सायबर कॅफे बंद. आमच्याकडे इन्व्हर्टर होता, म्हणून त्या माझ्याकडे आल्या.

परवानगीच्या कागदावर खालांची सही घेऊन तो स्कॅन केला, सुधीरच्या कॉम्प्युटरवरून मेल लिहिला, सेंड दाबलं. मेल आउटबॉक्समध्येच अडकला. इंटरनेट कंपनीने नियम बदलला होता — आता मेल पाठवतानाही ओळख पटवावी लागणार. सेटिंग्जमध्ये ऑथेंटिकेशनचा चौकोन होता. टिक केली. येणाऱ्या मेलचाच पासवर्ड वापरायचा की वेगळा द्यायचा? दोन्ही करून पाहिलं. पण पासवर्ड होता कुठे माझ्याकडे? सुधीर तो कधी सेव्ह करायचे नाहीत, दर वेळी स्वतः टाईप करायचे. लेकीचं नाव, माझं नाव, लग्नाची तारीख... सगळं चुकीचं.

"गेला का गं, बेटी?"

"जातोय, खाला."

"माझा इम्रान हाय ना गं अजून?"

सुधीरचा इतका संताप आला की मी स्क्रीनवरच ओरडले, "सांगून तरी जायचं होतंत!" मग टेबलावर डोकं ठेवून रडले. खाला माझ्या पाठीवर हात ठेवून दुआ पुटपुटत राहिल्या.

तेवढ्यात फोन वाजला. इम्रानचा मित्र सलीम, दुबईहून. "भाभी, मेल मिळाला. ऑपरेशनला आत घेतलंय त्याला."

मी स्क्रीनकडे पाहिलं. मेल अजून आउटबॉक्समध्येच होता.

इम्रान वाचला. पुढे सुट्टीवर आला तेव्हा मला त्या मेलची प्रिंट दाखवली. "वहिनी, तुम्ही मिस कॉल मागितला होता, सलीमने गडबडीत सरळ फोनच केला." मी लिहिलेल्या मजकुराखाली एक ओळ जास्त होती : पोचलं की मिस कॉल द्या.

ती मी लिहिली नव्हती. घरी येऊन पाहिलं, आउटबॉक्समधल्या मेलमध्येही ती नव्हती. प्रत्येक मेलखाली आपोआप येणारी सही असेल म्हणाल, तर सेटिंग्जमध्ये तीही कोरी. इंटरनेट कंपनीत विचारलं, तर म्हणाले, त्या दिवशी या अकाउंटवरून काहीच गेलेलं नाही. मग तो मेल पाठवला कुणी?

प्रिंट पाहिली त्या संध्याकाळी मी सुधीरचा नंबर लावला. ते सिम मी स्वतः बंद करून घेतलं होतं, नंबर अस्तित्वात नाही असंच ऐकू यायला हवं होतं... पण रिंग गेली. एकदाच वाजू दिली आणि फोन कट केला.