निळ्या वायरची दोन टोकं

विज्ञानाच्या बाईंची मोठी बहीण समुद्राचा अभ्यास करणाऱ्या जहाजावर होती. त्या दिवशी ती तिथूनच सातवीच्या मुलांशी बोलणार होती आणि नेमकं शाळेचं नेटवर्क बसलं. ते महिनाभर असंच रडत होतं. कंत्राटदार “बघतो, बाई” म्हणायचा, मुख्याध्यापक “चालायचंच” म्हणायचे.

“आता मीच बघते!” म्हणत बाई तरातरा ऑफिसात गेल्या आणि कपाटामागच्या नेटवर्कच्या डब्यापाशी फतकल मारून बसल्या. डब्यावरचे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. त्यांनी एकेक वायर चाचपून पाहिली. एका निळ्या वायरची दोन्ही टोकं त्याच डब्यात खोचलेली होती! डब्यातून निघालेलं फिरून डब्यातच येत होतं आणि त्या गर्दीत बाकी सगळं अडकत होतं.

“हे कोणी केलं?”

मुख्याध्यापक खाकरले. “ते टोक नुसतं लोंबकळत होतं. बरं दिसेना, म्हणून मीच खोचलं.”

“धन्य आहे, सर!” बाईंनी टोक उपटलं. दिव्यांची धांदल थांबली आणि वर्गातून एकच गलका उठला, “बाई, लागलं! लागलं!”

बाई धावत सुटल्या, मागोमाग मुख्याध्यापकही. पडद्यावर वाऱ्याने केस विस्कटलेली ताई हसत होती.

“अगं, किती धापा टाकतेस! मुलांनो, इकडे बघा, लवकर!”

तिने कॅमेरा वळवला. पाणी फुगलं आणि देवमाशाची काळीभोर पाठ वर आली. मुलं ओरडत बाकांवर चढली. मुख्याध्यापक त्यांच्याही आधी चढले होते.