पाणी कुठवर आलं?

माधव गेल्याचं कळलं तेव्हा मी डीलरची समजूत घालत होते. जुने रेडिओ बदलायचे होते, नवे कोणते घ्यायचे ते ठरत नव्हतं, आणि "या आठवड्यात नक्की सांगतो" हे माधवचं ठरलेलं वाक्य मी त्याच्या वतीने पुन्हा एकदा ऐकवत होते. तेवढ्यात दुसऱ्या फोनवर वृंदा, त्याची बायको. सकाळचा चहा घेताना छातीत कळ आली, हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अशा वेळी काही सुचत नाही असं म्हणतात. मला लख्ख सुचलं. मनात आलं, अरे, रेडिओ तरी ठरवून जायचं होतंस... मला रडू आलं नाही, राग आला, आणि पुढचे कित्येक महिने तोच सोबतीला राहिला.

रेडिओ म्हणजे गाणी लागतात तो नव्हे. नारायण पेठेतल्या दोन खोल्यांतून माधव आणि मी एक छोटी इंटरनेट कंपनी चालवायचो. मोठ्या कंपन्या जिथे केबल टाकायला तयार नसतात तिथे आम्ही जायचो. अलीकडच्या गच्चीवर खांबाला एक तबकडी, पलीकडच्या गावात दुसरी, आणि मधल्या हवेतून इंटरनेट. त्या तबकडीमागची पेटी म्हणजे आमचा रेडिओ. खडकवासल्याच्या पाण्यापलीकडची काही गावं सगळी आमच्याच भरवशावर होती. कॉलेजपासूनची मैत्री, त्यामुळे कामाची वाटणी आपोआप झाली. माधव यंत्रं बघायचा आणि मी माणसं. म्हणजे यंत्रं बंद पडली की बोलणी मी खायची.

सुरुवातीच्या वर्षी आम्ही भर मे महिन्यात तिथली जोडणी केली. धरण तळाला गेलेलं, हवा स्वच्छ, आणि सिग्नल इतका सुरेख की माधव खांबावरून खाली उतरायला तयार नव्हता. गावात पेढे वाटले. मग श्रावण आला, धरण भरलं आणि इंटरनेट गेलं. गेलं तेही कसं, तर वारा सुटला की चालू, पाणी शांत झालं की बंद. आम्ही केबली बदलल्या, पेट्या बदलल्या, वीजवाल्यांशी भांडलो. शेवटी एके दुपारी काठावर डबा खाता खाता माधवचा हात थांबला. समोरची टेकडी पाण्यात आख्खी उलटी दिसत होती. "शरयू, आपला सिग्नलपण असाच पाण्यात पडतोय," तो म्हणाला. "एक सरळ जातो, एक पाण्यावर आपटून जातो, आणि पलीकडे पोचले की दोघं एकमेकांना खोडतात." कारण कळलं आणि दोघांनाही लाज वाटली. अख्खं पुणं पावसाळ्यात पेपर उघडून आधी धरणात पाणी किती ते वाचतं, आणि जन्मापासून हेच पाणी प्यालेले आम्ही दोघं, धरण भरतं हे विसरून खांब रोवून मोकळे झालो होतो.

तबकडी खाली घेतली, खांब सरकवला, कसंबसं निभावलं. पण माधवने जो धसका घेतला तो कायमचा. त्यानंतर एकही रेडिओ त्याने माहितीपत्रक वाचून घेतला नाही. आधी एक जोडी आणायची, पाण्याच्या दोन बाजूंना लावायची, आणि धरण भरून, रिकामं होऊन पुन्हा भरेपर्यंत बघत बसायचं. काही रेडिओ गडबड दिसली की आपणहून वेग कमी करतात आणि तग धरतात, काही सरळ मान टाकतात, आणि कोणता काय करेल ते भरल्या पाण्याशिवाय कळत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणणं खरं होतं हो. पण वर्षभर परीक्षा घेऊन साहेब पसंती कळवेपर्यंत रेडिओ बनवणाऱ्यांनी ते मॉडेलच बंद केलेलं असायचं. मग नवी जोडी, नवं वर्ष. इकडे जुने रेडिओ माना टाकत होते, गिऱ्हाईकं मला फोनवर सुनावत होती, आणि गावात मोबाइलवाल्यांची पोरं घरोघर फिरून "आमचं घ्या" म्हणत होती. आणखी एक पावसाळा असाच गेला असता तर ती गावं आमच्या हातून जाणार होती, आणि ती गेली की कंपनीत उरत काय होतं?

"अरे, सगळे जो घेतात तो घे," मी म्हणायचे. "माहितीपत्रकात लिहिलंय की पाण्यावरून चालतो म्हणून."

"लिहिणाऱ्याने खडकवासला पाहिलंय का, विचार त्याला."

"तुझ्याशी बोलण्यापेक्षा धरणाशी बोललेलं बरं."

"तेच तर करतोय," तो म्हणायचा आणि फोन उचलायचा.

तो फोन सुनंदाताईंना असायचा. पलीकडची तबकडी त्यांच्या घरावर, आणि घर पाण्याला लागून. रोज सकाळी ऑफिसात आल्यावर चपला काढायच्या आधी याचा प्रश्न, "ताई, पाणी कुठवर आलं?" धरणाचा आकडा पेपरात छापून येतो, हे मी त्याला कितीदा सांगितलं. त्याचं एकच, आकड्यावरून मला काय कळणार, बाभूळ भिजली का ते सांग. आणि त्या बाई तेवढ्याच निष्ठेने सांगायच्या. "बाभळीच्या खालीच हाय अजून." "आज बाभूळ बुडाली बगा." स्पीकरवरचं हे संभाषण ऐकून कधीकधी मला फाइल भिरकावून द्यावीशी वाटायची.

तो गेला तेव्हा अशीच एक जोडी परीक्षेला लावलेली होती. बाकी सगळ्यांत पास झालेली, फक्त भरलं धरण बघायचं राहिलेलं. तेवढ्यासाठी मला थांबवून ठेवलं आणि स्वतः थांबला नाही. दिवसकार्य आटोपल्यावर मी वृंदाला विचारलं, "त्याने काही ठरवलं होतं का गं? घरी काही बोलला?" ती म्हणाली, "घरातले पडदे ठरवायला त्याने दोन दिवाळ्या घालवल्या. मला काय विचारतेस?" आम्ही दोघी हसलो. मग ती आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

पाऊस लागला. एका सकाळी ऑफिसचा फोन वाजला. सुनंदाताई.

"मॅडम, पानी कुंपनाच्या वर आलं. सरांना सांगायचं व्हतं... आता कुनाला सांगू, म्हनून तुमाला लावला."

मी समोरची फाइल मिटली. मग विचारलं, "वारा आहे का?"

"न्हाई. पान हलंना."

"आणि इंटरनेट?"

"चालू हाय की. नात बसलीया क्लासला."

पाण्याने कुंपण सोडलं नाही आणि इंटरनेटनेही मान टाकली नाही. मी रोज विचारत राहिले, आणि पुरती खात्री झाल्यावर डीलरला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, ते मॉडेल बंद झालं. आता नवीन आलंय, त्याच्यापेक्षा भारी." मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. म्हटलं, जुन्यातले शिल्लक असतील तेवढे सगळे पाठवा. नशिबाने त्याच्याकडे आमच्या गावांपुरते निघाले. ते लागले, आणि त्या गावांतून मला येणारे फोन कमी कमी होत गेले. त्या दिवशी डीलरचा फोन ठेवता ठेवता मी आणखी काय बोलून गेले ते माझं मलाही नीट कळलं नव्हतं. नव्यातली एक जोडी द्या म्हणाले होते.

त्या जोडीतला एक आता सुनंदाताईंच्या घरावर आहे, दुसरा अलीकडच्या काठाला. पाणी उतरायला लागलंय. ऑफिसात शिरले की चपला पायात असतानाच मी फोन लावते आणि त्या सांगतात, कुंपण उघडं पडलं, आता बाभळीपाशी हाय. परवा डीलरने विचारलं, नवीन आवडलं ना, मग ऑर्डर कधी देताय?

मी म्हणाले, "धरण पुन्हा भरू दे. मग सांगते."

तो म्हणाला, "सर पण हेच म्हणायचे."

हो म्हणून मी फोन ठेवला. मग खुर्चीत बसले, आणि इतक्या महिन्यांनी मला रडू आलं.