हुकावरचा लाल दोरा

मणीताईला कुणी काही द्यायला गेलं की ती अशी ओशाळायची, जणू चोरी करताना सापडली आहे. तीच दुसऱ्याला द्यायला निघाली की मात्र तिला धरबंध राहत नसे. इस्पितळातल्या सगळ्या बायकांना हे ठाऊक होतं आणि त्यांनी त्याचा बेताबेताने फायदाही घेतला होता. तिचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. बाकी सगळीकडे ती मणीताईच.

इस्पितळाच्या मागच्या बाजूला कपड्यांची खोली होती. धुऊन आलेल्या चादरी, रुग्णांचे झगे, वॉर्डांचे पडदे असं सगळं तिथे येऊन पडायचं. फाटलेलं शिवायचं, तुटलेली बटणं लावायची, चादरीच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याने वॉर्डाची खूण घालायची आणि गठ्ठे बांधून वर पाठवायचे, हे मणीताईचं काम. खिडकीपाशी तिचं शिवणयंत्र, शेजारी खणांचं टेबल. वरच्या खणात बटणं आणि खालच्या खणात मणी. साहेब कधी तपासणीला आलेच तर वरचा खण उघडून दाखवायची आणि खालच्या खणाला गुडघा टेकून उभी राहायची. साहेबांनाही ते माहीत होतं. त्यांच्या बायकोच्या कानात मणीताईचीच कर्णफुलं होती.

मणी ओवण्याची विद्या तिला कुणी शिकवली नव्हती. नवरा गेल्यावर पहिल्या वर्षी हाताला चाळा हवा म्हणून तिने एका मैत्रिणीसाठी बांगडी ओवली. मैत्रिणीने तोंडभर कौतुक केलं, आणि बाई कामातून गेली. मग माळा आल्या, कर्णफुलं आली, चष्म्याच्या दोऱ्या, किल्ल्यांना लटकवायचे मासे आणि पोपट आले. कुणाचा वाढदिवस, कुणाची बढती, कुणाची बदली, अगदी कुणाचं अपेंडिक्स काढलं तरी मणीताईची चपटी कागदी डबी हजर. एका दुकानदाराने माळा विकायला मागितल्या तर त्याच्यावर ती अशी बिघडली की बिचाऱ्याने पुन्हा तोंड उघडलं नाही. मैत्रिणींसाठी केलेलं विकायचं नसतं, असं तिचं म्हणणं. म्हणणं चांगलंच होतं. पण चांगलं म्हणणं असलं की माणूस त्याच्या आडोशाला काय काय लपवतो, ते पुढे येईलच.

माळ करायची तर ती आधी गळा बघायची. जेवणाच्या सुट्टीत बाकावर समोर बसलेल्या बाईच्या गळ्यावर हिची नजर अशी ठरायची की ती बाई घास गिळायची थांबे. मग डाव्या-उजव्या बाजूचे मणी एकसारख्या जाडीचे निवडायचे, दोरा मेणावरून ओढून घ्यायचा, ओवून झाल्यावर त्याची टोकं मण्यांतून मागे फिरवून गाठ आत लपवायची. शेवटी हूक कडीत अडकवायचा आणि त्यावर चादरींचा लाल दोरा गुंडाळून गठ्ठ्याची गाठ मारायची, म्हणजे डबीत हूक सुटून माळेला पीळ पडायला नको. ही गाठ बोटांनी सुटत नाही, कापावीच लागते. देताना ती दरवेळी बजावायची, "घालायच्या वेळी कापा गं."

तिची खरी जिवाची मैत्रीण म्हणजे इस्पितळाच्या स्वयंपाकघराची मुकादमीण. आवाज असा की तिने खाली पातेलं मागितलं तर वरच्या मजल्यावरचे रुग्ण जागे व्हायचे. नवरा गेला तेव्हा मणीताईला घरी नेऊन स्वतःच्या हाताने जेवू घातलं होतं तिने. ते मणीताई कधी विसरली नाही आणि दरवर्षी तिच्यासाठी सगळ्यात अवघड माळ करत राहिली. स्वयंपाकघरात अंगावर दागिना चालत नसे, त्यामुळे मुकादमीण कामावर माळ कधी घालायची नाही, हे ओघानेच आलं. पण कुठे बाहेर जाऊन आली की दुसऱ्या दिवशी सांगायची, "अगं, भाच्याच्या लग्नात तुझी निळी घातली होती. सगळ्यांनी विचारलं, कुठून घेतली म्हणून." मग मणीताई विचारायची, कुणी कुणी विचारलं? मुकादमीण नावं सांगायची. भाच्याची सासू, व्याह्यांची बहीण, फोटो काढणारी मुलगी. त्या नावांवर मणीताईचा सगळा आठवडा जायचा. डोळे दुखत, मान आखडत असे, पण एवढ्या खुराकावर ती पुढच्या माळेला बसायची.

आता घरातलं बघा. घरात मणीताई आणि तिची नणंद, दोघीच. नणंद वयाने धाकटी पण मानाने मोठी, म्हणून मणीताई तिला वन्सं म्हणायची आणि अहोजाहो करायची. वन्सं मात्र "अगं वहिनी" करून मोकळ्या. लग्न केलं नव्हतं, मोज्यांच्या कारखान्यात उभा जन्म काढला होता, आणि आता लवकर निवृत्ती घेऊन वहिनीचं घर झाडत होत्या. मणीताई सुट्टीच्या दिवशी जमिनीवर कापड अंथरून मणी ओवायला बसली की काही मणी घरंगळायचेच. दुसऱ्या दिवशी वन्सं केर काढताना ते वेचायच्या आणि एका बरणीत टाकायच्या.

एकदा, फार वर्षांपूर्वी, वन्संनी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "वहिनी, माझ्यासाठी एखादी करशील का?" मणीताई त्या वेळी एक्स-रेवालीच्या माळेत गुंतली होती. मान वर न करता म्हणाली, "उरले मणी तर बघू."

वन्संनी पुन्हा विचारलं नाही. बरणी भरली तेव्हा त्यांनी साध्या शिवणाच्या दोऱ्यात तेच केरातले मणी ओवले. जाडा शेजारी बारीक, हिरव्या शेजारी जांभळा, गाठ दिसणारी. ती माळ त्या रोज घालत. दोरा कुजून तुटला की पुन्हा ओवत. मणीताई तिला कचऱ्याची माळ म्हणायची, कधीकधी चारचौघींतही. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, इथे नावडतीच्या गळ्यातले मणीही फिके. वन्सं हसायच्या. मणीताईला ते हसणं खरं वाटायचं. दुसऱ्यांचे गळे नजरेने मापणाऱ्या बाईला घरातला एक गळा कधी दिसला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मुकादमीण निवृत्त झाली आणि तिचं मुलाकडे दूरच्या शहरात राहायला जायचं ठरलं. मणीताईने तिच्यासाठी निरोपाची माळ करायला घेतली. सात पदरांची, धुरकट राखाडीपासून पांढऱ्यापर्यंत उतरत जाणारी. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, तरी तिने ती पुरी केली आणि सामान बांधायच्या दिवशी डबी घेऊन मुकादमिणीच्या घरी मदतीला गेली. जाणारी माणसं तुटतात हे तिला कळत होतं. माळ मात्र गळ्यात राहील, एवढाच तिचा हिशेब होता.

मुकादमीण खाली टेम्पोवाल्याशी वाद घालत होती. मणीताई खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. पट्टी संपली म्हणून दुसरी शोधायला तिने कपाटाचा तळखण उघडला, तर बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा दिसला. झाकण काढलं. आत तिच्याच चपट्या कागदी डब्या एकावर एक रचलेल्या, पहिल्या वर्षापासूनच्या. क्षणभर तिला भरून आलं. केवढं जपून ठेवलंय, असं मनात आलं. तिने वरची डबी उघडली, मग खालची, मग तिच्याखालची.

प्रत्येक हुकावर लाल दोरा जसाच्या तसा. गठ्ठ्याची गाठ, तिची स्वतःची, न कापलेली. भाच्याच्या लग्नात घातलेल्या निळ्या माळेवरही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मणीताई जमिनीवर बसली, आणि भाच्याची सासू, व्याह्यांची बहीण आणि फोटो काढणारी मुलगी अशा सगळ्या एकेक करून तिच्या डोक्यातून उठून गेल्या.

मुकादमीण धापा टाकत वर आली. तिने उघडा डबा पाहिला, मणीताईच्या हातातली माळ पाहिली आणि दारातच थांबली. आधी म्हणाली की वापरून खराब होतील म्हणून जपल्या होत्या. मणीताई नुसती हुकावरून अंगठा फिरवत राहिली. तेव्हा मुकादमीण खोक्यावर बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली.

"मला गळ्यात काही सहन होत नाही गं. लहानपणापासून. पहिल्याच वेळी सांगायला हवं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू तोंडाकडे अशी बघत बसायचीस. काय सांगणार होते तुला? आणि एकदा खोटं बोलल्यावर पुढच्या वर्षी खरं कसं बोलायचं?"

मणीताईला राग यावासा वाटला, पण राग धरायला जागाच सापडेना. शिवी दिली असती तर परवडली असती, ही तर दया होती, आणि इतकी वर्षं ती दया कौतुक समजून चाटूनपुसून खाल्ली होती. सात पदरांच्या माळेची डबी तिच्या पिशवीतच राहिली. मुकादमीण उठली, डब्याचं झाकण लावलं आणि तो तिच्यापुढे सरकवत म्हणाली, "तू घेऊन जातेस का? तिकडे घर लहान आहे. तुझ्याकडून कुणाला देता तरी येतील."

टेम्पो गेला. मणीताई डबा काखेत मारून चालत घरी आली.

घरी वन्सं कपड्यांच्या घड्या करत होत्या. मणीताईने डब्यातली निळी माळ काढून त्यांच्यापुढे धरली. "वन्सं, ही तुम्हाला." वन्संनी माळ हातात घेतली. हुकाकडे बघितलं. ती गाठ त्यांनी किती वेळा याच खोलीत मारली जाताना पाहिली होती.

"तिने घातलीच नाही वाटतं," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच मणीताईला जास्त लागलं. वन्संनी माळ नीट डबीत ठेवून परत दिली.

मणीताईला आपलीच लाज वाटली. दुसऱ्याने टाकलेलं उचलून यांच्या गळ्यात घालायला निघालो होतो आपण. दुसऱ्या दिवसापासून ती नव्या माळेला बसली. खालच्या खणातले सगळ्यात चांगले मणी काढले, मधाच्या रंगाचे, जे ती कुणाकुणासाठी राखून ठेवत आली होती. मोतीबिंदूमुळे सुईच्या नेढ्यात दोरा जाईना, तर शेजारच्या बाईकडून ओवून आणायची. नजरेने माप घ्यायला गेली आणि लक्षात आलं की वन्संचा गळा आपल्याला ठाऊकच नाही. म्हणून टेप घेऊन त्यांच्यामागे उभी राहिली. मानेवर जुन्या दोऱ्याचा काळपट वण होता.

"आता आठवला होय माझा गळा?" वन्सं म्हणाल्या, मागे न बघता. माफी मागावी असं मणीताईच्या जिभेवर आलं होतं, पण माफीपेक्षा माळ देणं तिला सोपं वाटलं. सगळं आयुष्य तिने तेच तर केलं होतं.

माळ झाली. तिच्या हातून झालेली सगळ्यात देखणी. जित्याची खोड जात नाही, तसा हुकावर लाल दोरा आपोआप बांधला गेला. वन्संनी डबी उघडली, बराच वेळ बघितलं, "छान झालीय गं," म्हणाल्या आणि कपाटात ठेवली. "बाहेर जाईन तेव्हा घालीन."

महिनाभराने कारखान्याच्या जुन्या बायका कुणाच्या तरी घरी जमणार होत्या. वन्सं ठेवणीतले कपडे घालून, शाल गळ्याशी घट्ट लपेटून गेल्या. मणीताई दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होती. करायचं नाही असं ठरवून शेवटी तिने वन्संचं कपाट उघडलंच. डबी तिथेच होती. डबीत माळ होती. हुकावर लाल दोरा, गठ्ठ्याची गाठ. तिने डबी होती तशी ठेवून कपाट लावलं.

संध्याकाळी वन्सं आल्या. शाल काढून खुंटीला लावली. गळ्यात केरातली माळ होती, रोजची. मणीताईची नजर तिथे गेलेली त्यांनी पाहिली.

"तुझी माळ येतानाच काढून पिशवीत ठेवली," त्या म्हणाल्या. "रस्त्यात तुटायला नको. सगळ्यांना फार आवडली, वहिनी. सगळ्यांनी विचारलं, कुठून घेतली म्हणून."

मणीताईने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ही दया होती की फेड, ते तिला कळेना, आणि विचारायचा हक्क आपण केव्हाच घालवला आहे हे मात्र लख्ख कळलं. मुकादमिणीसमोर आपलं तोंड कसं दिसत असेल, तेही आत्ताच कळलं. आत्ताही ते तसंच दिसत असणार. ती खाली बसली आणि दरवेळी विचारायची तेच तिने विचारलं.

"कुणी कुणी विचारलं?"

वन्संनी चहाचं आधण ठेवलं, आणि पाण्याकडे बघत एकेक नाव सांगायला सुरुवात केली.