केंदूरला माती

मला राग आला की आधी उजवा पाय हलायला लागतो. बसलेला असलो तर गुडघा वरखाली होतो, उभा असलो तर टाच. घरात सगळ्यांना ही खूण माहीत. बायको ताट वाढताना आधी माझ्या पायाकडे बघायची आणि मग भाजीत मीठ कमी आहे की नाही ते सांगायची. दारू सुटली तेव्हा वाटलं, आता पाय गप होईल. कसला गप होतोय! पूर्वी राग दुपारनंतर यायचा, आता दात घासतानाच हजर. "सुंभ जळाला तरी पीळ काय जाईना," बायको म्हणायची. तिचं खोटं नव्हतं.

तेव्हा आम्ही खुटबावला राहत होतो, माझ्या सासुरवाडीत. टिपरवरची नोकरी दारूपायी गेली होती. मेव्हण्यानं मला त्याच्या गुऱ्हाळावर जाळ घालायच्या कामाला लावलं होतं. रविवारी सकाळच्या शटलनं मी दौंडला जायचो. तिथं एका शाळेच्या खोलीत दारू सोडलेल्यांची बैठक भरायची. लहान पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन आम्ही दहा-बारा बाप्ये बसायचो, आणि फळ्यावर सतराचा पाढा असायचा. एकेकानं उठून बोलायचं. मी उठलो की नेहमी दुसऱ्यांबद्दलच बोलायचो.

बैठकीतल्या एका म्हाताऱ्यानं मला धरलं. तिथं तशी पद्धतच होती, जुन्यानं नव्याला धरायचं. त्यांना सगळे चाचा म्हणत. पिंजाऱ्याचं घर, गाद्या भरायचा धंदा, स्टेशनच्या अलीकडं पत्र्याचं दुकान. भुवयांतसुद्धा कापूस अडकलेला. पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुझ्या अंगात दारू न्हाई आता, पर राग हाय. त्यो तुला परत गुत्त्यावर नेऊन बसवल. वही आन एक."

वहीत तीन रकाने पाडायचे. कुणाचा राग येतो, कशाबद्दल येतो, आणि तिसरा रकाना: त्यात मी काय केलं. पहिले दोन मी दोन दिवसांत भरून टाकले. इतक्या उत्साहानं शाळेतसुद्धा कधी लिहिलं नव्हतं. मुकादम, मेव्हणा, सासरा, बायको, मला पास न करणारे मास्तर, गुऱ्हाळावरचा गुळव्या. चुलवाणापाशी बसून लिहायचो, त्यामुळे वहीला काकवीचे डाग पडले.

मग दर रविवारी बैठक संपली की चाचांच्या दुकानात बसून ती वही वाचायची. माझा पाय हलायला लागला की चाचा जुन्या गादीतला कापूस माझ्या पुढ्यात टाकायचे. "हात रिकामा ठिवू नगं. गाठी सोडव." मी वाचायचो आणि गाठी सोडवायचो, ते समोर यंत्रावर कापूस पिंजत बसायचे. त्यांना ऐकू येतंय की नाही कळायचं नाही. पण मी तिसरा रकाना घाईत उरकला की यंत्र थांबायचं.

"मुकादमानं कामावरनं काढलं. बरं. तू काय केलं?"

"गाडी चारीत घातली."

"पिऊन?"

"व्हय."

"मग तसं लिव्ह. चारी आपून होऊन आडवी आली न्हवती."

मेव्हण्याच्या नावापुढे मी लिहिलं होतं, उपकार केल्यासारखा बोलतो. चाचा म्हणाले, "आरं, उपकारच केल्यात त्यानं. मग कसा बोलल?" मला हसू आलं आणि रागही आला. असं करत करत नावं निवळत गेली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ, ही म्हण आपल्यासाठीच घडवून ठेवलीय असं वाटायचं. राहता राहिला माझा थोरला भाऊ. त्याच्यासाठी दोन पानं लिहिली होती. तिसरा रकाना मोकळा.

"इथं काय न्हाई का?" चाचांनी विचारलं.

"इथं माझी चूकच न्हाई," मी म्हणालो. आणि ती गोष्ट सांगितली. तोवर मी ती इतक्या जणांना सांगितली होती, की एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही.

गोष्ट अशी. आमचं गाव केंदूर, शिरूर तालुक्यातलं. आजोबांपर्यंत मेंढरामागं फिरणारी माणसं, वडिलांपासून शेतीत रुतलेली. दादा शेती बघायचा. मी रांजणगावला टिपर चालवायचो. तेव्हा तिथं कंपन्या येत होत्या, त्यांचे प्लॉट भरायला दिवसभर मुरूम आणि माती लागायची. फोन आमच्या साइटवर नव्हता. निरोप बूथवर यायचा, बूथवाला चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी चहाच्या टपरीवर ठेवायचा. "अमक्या गावाला माती हाय" असे निरोप रोजचेच. म्हणजे खेप आहे, जा.

आणि आमच्याकडं कुणी गेलं की फोनवर मेलं म्हणत नाहीत. माती आहे, म्हणतात. चार वाजता माती आहे, या.

त्या दिवशी मला टपरीवर चिठ्ठी मिळाली. "केंदूरला माती. चार वाजता. लगेच निघ." निरोप दादाचा होता. मला वाटलं, केंदूरला कुणाला तरी माती टाकायचीय. मी दुसऱ्या खेपा उरकत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी केंदूरला पोहोचलो तर आईची राख झालेली. आईच्या मातीला धाकट्यानं मडकं धरायचं, बापाच्या मातीला थोरल्यानं, ही रीत. माझं मडकं दादानं धरलं होतं. नीट निरोपसुद्धा दिला नाही, माझी वाट बघितली नाही, माझ्या आईला माझ्याशिवाय नेलं. नऊ वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. वर्षश्राद्धाला गेलो नाही. जेव्हा जेव्हा बाटली उघडली, तेव्हा याच गोष्टीनं उघडली.

चाचांनी यंत्र बंद केलं होतं. मला वाटलं, आता हळहळतील. सगळेच हळहळायचे.

"चिठ्ठीत खेपा किती लिवल्या व्हत्या?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"मला गादीचा निरोप येतो. गादी हाय एवढंच कोन सांगत न्हाई. किती हायत, सिंगल का डबल, ते आधी सांगत्यात. मातीच्या निरोपाला खेपा किती ते नगं का? आन् मातीची खेप चारच्या ठोक्याला कोन मागतं?"

मी उठलोच. कापूस उधळला. "तुम्ही मला खोटा म्हणताय का?" मोठ्यानं ओरडलो. शेजारचा सायकलवाला बाहेर आला. चाचा बसल्या जागी म्हणाले, "मी फकस्त इचारलं."

तिथून निघालो तो स्टेशनवर. शटलला वेळ होता. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिलो. म्हाताऱ्याला काय कळतंय? गाद्या भरणारा माणूस, टिपरमधलं काय माहीत? एक हमाल म्हणाला, "भाऊ, बसा की जरा, आमाला चक्कर याया लागली." शटल आली, मी चढलो नाही. शटल गेली. स्टेशनबाहेर कुठं काय मिळतं ते मला ठाऊक होतं. त्या बाजूच्या पायऱ्यांपर्यंत दोनदा गेलो. डोक्यात एकच प्रश्न, खेपा किती.

खेपा लिहिल्या नव्हत्या.

हे मला नऊ वर्षं माहीत होतं. माहीत होतं म्हणजे, चिठ्ठी वाचली त्या क्षणालाच माहीत झालं होतं. आई दोन महिने अर्ध्या अंगानं अंथरुणावर होती. येत्या रविवारी येतो म्हणून मी तीन रविवार गेलो नव्हतो. केंदूरला माती म्हटल्यावर ती कुणाची, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी चिठ्ठी खिशात घातली, टपरीवाल्याला "जातो" म्हणालो आणि रिकामा टिपर घेऊन निघालोसुद्धा. दुसऱ्या खेपा वगैरे काही नाही. अकरा वाजले असतील. शिक्रापूरपर्यंत गेलो. तिथून केंदूरकडे वळायचं.

स्टेअरिंगवर माझे हात थरथरत होते. तेव्हा सकाळी घेतल्याशिवाय थरथर थांबायची नाही आणि त्या दिवशी घेऊनही थांबेना. मला डोळ्यांपुढे ते मडकं दिसायला लागलं. विस्तव घातलेलं, आणि सगळा गाव मागं. माझ्या हातातून ते वाटेतच पडेल. पडून फुटेल, विस्तव रस्त्यावर सांडेल आणि लोक म्हणतील, बेवड्याला आईसुद्धा नीट नेता आली नाही. म्हटलं, हात स्थिर होण्यापुरतं घेऊ. देशीच्या दुकानात शिरलो. हात स्थिर झाले तेव्हा उन्हं कलली होती आणि मी उठण्याजोगा राहिलो नव्हतो.

सकाळी घरी गेलो तर दादा ओट्यावर बसलेला, डोकं भादरलेलं. "कुठं व्हतास?" त्यानं विचारलं. तेव्हा ते वाक्य माझ्या तोंडातून कसं आलं, कुणास ठाऊक. "मला वाटलं मातीची खेप हाय." त्याचं तोंड पडलं. "चुकलं माझं," एवढंच म्हणाला. त्यानं चूक पदरात घेतल्याबरोबर ती त्याचीच झाली आणि मी लगेच त्याच्यावर चढलो. चोराच्या उलट्या बोंबा. पुढं पुढं मलाच ते खरं वाटायला लागलं. पण चिठ्ठी मी फाडून टाकली होती. खरं असतं तर जपून ठेवली नसती का?

मी परत दुकानात गेलो. चाचा उधळलेला कापूस गोळा करत होते. "खेपा न्हवत्या," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. माझी लाज माझ्याच कानांना ऐकवत नव्हती. चाचांनी वही पुढं सरकवली. मी तिसऱ्या रकान्यात लिहिलं. एका ओळीत बसलं.

"आता हे भावाला सांगून यायचं," ते म्हणाले. "आन् सांगून पळायचं न्हाई. त्याचं बोलून हुईस्तवर बसायचं. त्यो माफ करल म्हनून जाऊ नगं."

"मारलं तर?"

"मग मार खा."

पुढच्या आठवड्यात गेलो. चौफुला, न्हावरा, शिक्रापूर, तीन गाड्या बदलून. प्रत्येक ठिकाणी वाटलं परत फिरावं. दादा कांद्याला पाणी देत होता, हातात खोरं. वाफा भरला की दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात घालत होता. मला बघून त्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली, पाहुणा आल्यासारखी. तो खूप वाळला होता. बांधावर उभा राहूनच मी बोललो. पाठ केलेलं सगळं विसरलो आणि जे होतं तेवढं सांगितलं. मला चिठ्ठी कळली होती. मी शिक्रापूरपर्यंत आलो होतो. हात थरथरत होते, मडकं पडेल म्हणून भ्यालो आणि पीत बसलो. निरोप तुझा बरोबर होता.

दादा ऐकत राहिला. त्याच्या पायाशी वाफा भरून फुटला आणि पाणी वाटेल तिकडं धावलं, तरी तो हलला नाही.

"आई म्हनायचं तोंडाशी आलं व्हतं माझ्या," तो शेवटी म्हणाला. "बूथवाला इचारत व्हता, कुनाची माती लिवू? म्या म्हनलं नगं लिवू. गाडी चालवत येनार, वाटंत कळलं तर कुठं तरी धडकल. घरी आल्यावर सांगू." त्यानं खोरं चिखलात रोवलं. "नऊ वर्सं मी सवताला शिव्या घातल्या. का न्हाई लिवलं म्हनून. गावात कुनाची बी माती असली, तरी मी तवापास्नं फोन करत न्हाई. सायकलीवर जाऊन दारात सांगतो."

माफ कर म्हणणार होतो, पण तो शब्द तिथं फार स्वस्त वाटला.

"जा घरी," तो ओरडला. "जा! मला पानी धरू दी."

घरी गेलो. वहिनीनं चहा दिला, तो गार झाला. पाचची गाडी होती. पळून जावंसं वाटत होतं, कुणी दार धरलं नव्हतं. पण ओट्याचा कोपरा धरून बसून राहिलो. इतकी वर्षं त्याच्यावरचा राग मी पोसला होता, आणि आता तो शोधूनही सापडत नव्हता. त्याच्या जागी जे आलं होतं, ते रागापेक्षा जड होतं.

दिवस मावळायच्या आधी दादा आला. हौदावर पाय धुतले, खोरं धुऊन भिंतीला लावलं. माझ्याकडे न बघता ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"वाट बगितली न्हाई म्हनला व्हतास तवा," तो म्हणाला. "दिवस बुडुस्तवर ठिवलं व्हतं तिला. लोक उठा म्हनत व्हते. मी म्हनायचो, येतुय त्यो, गाडी पंक्चर झाली आसल."

मग माझ्या हातांकडे बघितलं.

"आन् हात थरथरत व्हते म्हनून आला न्हाईस व्हय रं?" त्याचा आवाज फुटला. "मी मडक्याला खालनं हात लावला आसता की."