आत्याची काजं

माझ्या आत्याने उभ्या आयुष्यात एकही अख्खा सदरा शिवला नाही. शिंप्याच्या दुकानात, दाराशेजारच्या स्टुलावर बसून तिने चाळीस वर्षं फक्त काजं केली, तीही सुई-दोऱ्याने, हातानेच. कापणं, शिवणं आणि गिऱ्हाइकाची शाबासकी घेणं हे सगळं मास्तरांकडे. लोकांना तिची कीव यायची. तिला मात्र लोकांची यायची. "रोज बटणं लावतात आणि काजाकडे बघतसुद्धा नाहीत, आंधळे मेले!" रस्त्यावर आम्हाला गर्दी दिसायची, तिला नीट लागलेली बटणं दिसायची. घरी यायची ती खुशीतच.

परवा सगळे जमलो होतो. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले धाकटे काका गमतीत म्हणाले, "ताई, तू जन्मभर नुसती भोकंच पाडलीस की गं!"

आत्याने चष्मा चढवला आणि काकांना सदऱ्याला धरून खिडकीपाशी नेलं.

"भोक उंदीरही पाडतो. याला काज म्हणतात, आणि हे माझं आहे. किती वर्षं झाली या सदऱ्याला?"

"पंधरा असतील. आवडता आहे, टाकवत नाही."

"कॉलर विरली, कोपर फाटायला आलं. आता माझ्या काजाचा एक सुटलेला दोरा दाखव."

काकांनी मान खाली घालून सातही काजं तपासली. मग उघडं राहिलेलं गळ्याचं बटण लावलं आणि आत्यासमोर ताठ उभे राहिले.