अंबूमावशीची आमटी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

लढाईची वर्षं. मी सांगलीला वसतिगृहात राहून शिकत होतो. धान्य रेशनवर, तरी रविवारी वसतिगृहाच्या खानावळीत थोडी आमटी उरायची. आम्ही चौघं पोरं डबे सायकलींना बांधून ती मिरजेला न्यायचो. तिथं दवाखान्याबाहेर, लिंबाखाली, जतकडचे धनगर आपल्या आजारी माणसासाठी मुक्काम ठोकून असायचे. आम्ही आपापल्या गावाकडून आणलेल्या जोंधळ्याच्या कण्या आमटीत शिजवल्या की दोन डब्यांचं पातेलंभर व्हायचं. काय मजा यायची! कुणी कानडीत थट्टा करायचं, कुणी जळण आणायचं. "आली रं, पोरं आली!" — लांबूनच गलका व्हायचा. त्या गलक्यासाठी मी आठवडाभर झुरायचो. भुकेल्यांसाठी? नाही हो — गलक्यासाठी.

एका रविवारी आमटी उरलीच नाही. नुसत्या कण्या नेल्या, त्याही पुरल्या नाहीत. शेवटची म्हातारी रिकामं ताट घेऊन हसली, "असू दे बाळा, फुडल्या ऐतवारी."

पुढच्या रविवारी — कसं सांगू? — आमची स्वयंपाकीण अंबूमावशी आडावर गेली, आणि मी तिच्या आमटीत दोन मुठी मीठ टाकलं.

पोरांनी तोंडं वाकडी केली, तेल-चटणीशी भाकरी खाल्ली. आमटी सगळी उरली! मिरजेत पाणी, कण्या, भोपळा घातल्यावर ती अशी जमली, की लोकांनी मागून मागून खाल्ली. येताना आम्ही गात आलो.

मग थांबलो का? अजून तीन रविवार तेच.

रेक्टर मावशीला सगळ्यांदेखत बोलले. ती बिचारी मलाच हाक मारायची, "चाखून बघ रं. माझी जीभच मेलीया." मी चाखायचो. झकास असायची. "बरोबर हाय, मावशी," म्हणायचो — आणि तिची पाठ वळली की मूठ सोडायचो.

तिनं आपणहून काम सोडलं. जायच्या आदल्या दिवशी ती आमच्याबरोबर मिरजेला आली. स्वतः वाढलं. एका धनगरणीनं तिला हाताला धरून शेजारी जेवायला बसवलं. दोघी डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. "बिघडलं तरी कुनाच्या पोटाला लागलं की रं!" मावशी मला म्हणाली. तेव्हा तरी सांगायचं ना? मी पत्रावळी मांडत राहिलो.

बऱ्याच वर्षांनी कराडला तिच्या घरी गेलो. मावशीला कोण आनंद! चुलीपुढंच पाट दिला. आमटीला उकळी आली तशी तिनं सुनेला हाक मारली, "जरा चाखून सांग गं, मला कळत न्हाई."

सून म्हणाली, "चांगली झालीया, आत्याबाई."

मग मला वाढली. मी दोन वाट्या आमटी खाल्ली, मावशीच्या पाया पडलो, आणि न सांगताच निघून आलो.