तुंगार्लीचा एक्झॉस्ट फॅन

"शुभदा, तुझा फॅन एक नंबर आहे बरं का. धुळीचा कण दिसत नाही. फक्त वर्कशॉपचं दार हल्ली जोर लावून ओढावं लागतं. आतून कुणी धरून ठेवल्यासारखं."

मी उर्से इथल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चहा घेत होते. फोनवर सुलभाकाकू होत्या, माझ्या सासूबाईंच्या मैत्रीण. शाळेतून रिटायर झाल्यावर लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या बंगल्यात त्यांनी लेथ बसवला होता. फिरत्या लाकडाला पटाशी लावून त्या भोवरे आणि खेळणी करायच्या.

"आणि दोन दिवस डोकं जड आहे. सागाच्या धुळीनंच असेल ना?"

"मास्क लावता ना?"

"लावते गं. चल, हे आंघोळीला गेलेत, तेवढ्यात चार भोवरे काढते."

फोन बंद झाला. मी चहाचा एक घोट घेतला. कप खाली ठेवला. दार ओढावं लागतं म्हणजे काय, हे मला सांगायला कुणी नको होतं. कारखान्यांमधली धूळ आणि धूर बाहेर काढायच्या सिस्टिम डिझाइन करणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे.

फॅन मी उन्हाळ्यात निवडून दिला होता. काकूंना खरं तर छताला टांगायचा एअर फिल्टर हवा होता. तो खोलीतली हवा ओढतो, गाळतो आणि त्याच खोलीत परत सोडतो. मी म्हटलं, "गाळत कशाला बसायचं? धूळ सरळ बाहेर फेकू." कारखान्यात काम केलेल्या माणसाला घरातला प्रश्न चिल्लर वाटतो. मी सीएफएम काढला, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा हलवायची ते, आणि चांगला दणकट एक्झॉस्ट फॅन सुचवला. त्या दिवशी सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. बाहेर किती हवा जाणार याचा हिशेब मी केला. आत कुठून येणार, याचा केला नाही.

आता ऑगस्ट होता. लोणावळ्यात ऑगस्टमध्ये खिडक्या कोण उघड्या ठेवतं? दमट हवेनं लाकूड फुगतं, म्हणून काकूंनी फटीसुद्धा बुजवल्या असणार. दार जड झालं ते फटी बुजल्यामुळेच. फॅन हवा मागत होता आणि खोलीला ती मिळत नव्हती.

मग मला वर्कशॉपला लागून असलेलं बाथरूम आठवलं. मधल्या दाराखाली बोटभर फट. आत गॅस गिझर आणि त्याचा धूर बाहेर नेणारा पाइप. सगळं घर बंद असलं तरी तो पाइप उघडाच असतो. फॅननं हवा तिथून ओढायला सुरुवात केली, तर धूर बाहेर जाण्याऐवजी बाथरूममध्ये उतरणार. अशा धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस खोकतसुद्धा नाही, नुसता झोपतो.

आणि काका आंघोळीला गेले होते.

मी काकूंना फोन लावला. नुसती रिंग. परत लावला. रिंग. लेथ चालू असताना त्या कानांवर जाड इअरमफ लावायच्या. तेही मीच आणून दिले होते. काकांचा फोन लागला, वाजला, थांबला.

माझ्यापासून तुंगार्ली म्हणजे धुक्यात किमान अर्धा तास. मी तिथून जवळच्या कुसगावच्या बाळूभाऊंना फोन लावला. फॅनचं वायरिंग त्यांनीच केलं होतं.

"बाळूभाऊ, कुठं आहात?"

"हितंच, नाक्यावर. का वं मॅडम?"

"काकूंच्या बंगल्यावर जा. आत्ता. बाहेरच्या मीटरपाशी मेन स्विच पाडा म्हणजे फॅन थांबेल, मग गिझरचा सिलिंडर बंद करा, मग बाथरूमचं दार फोडा. काका आत आहेत."

"फोडू?"

"फोडा. पण आत थांबू नका. श्वास धरून जा, त्यांना ओढून बाहेर आणा."

"गाडी काडली बगा," ते म्हणाले. मी ॲम्ब्युलन्सला पत्ता दिला आणि निघाले.

त्या रस्त्यानं मी शेकडो वेळा गेले आहे. त्या दिवशी पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसत होता. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: माझ्या हातून माणूस गेला. सासूबाईंना काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळवसुद्धा करून पाहिली. फोन सीटवर पडला होता. तो वाजावा असं वाटत होतं आणि वाजू नये असंही.

वाजला तेव्हा मी गाडी कडेला घेतली.

"मॅडम, भाईर काडलं. वट्ट्यावर निजवलंय. सुद न्हाई, पर छाती हालतीया."

"काकू?"

"त्या बऱ्या हायत. लाइट गेली म्हून भांडायलाच भाईर आलत्या. मंग त्यांनीबी हात लावला."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. रडू आलं नाही. मग गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

हॉस्पिटलमध्ये काकांना बराच वेळ ऑक्सिजनवर ठेवलं. संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले आणि चष्मा मागितला. काकूंच्या रक्तातही तो गॅस निघाला. दोन दिवसांच्या डोकेदुखीचं कारण साग नव्हताच. चार-पाच दिवसांनी दोघं घरी आले. काका अजूनही मधूनच शब्द विसरतात. वयामुळे असेल, असं डॉक्टर म्हणतात. मला तसं म्हणायचा धीर होत नाही.

काकूंना मी हॉस्पिटलच्या बाकावरच सांगितलं, "चूक माझी आहे."

"फटींवर पट्ट्या मी चिकटवल्या. वर्कशॉपच्या झरोक्यालासुद्धा."

"तुम्ही चिकटवणार का, हे विचारणं माझं काम होतं."

बाईंनी आयुष्यभर पोरांचे पेपर तपासले होते. त्या म्हणाल्या, "हो. होतं."

फॅन मी स्वतः उतरवला. छताला त्यांनी आधी मागितला होता तोच फिल्टर टांगला. लेथपाशी धूळ उडते तिथंच ती पकडणारा, पिशवीचा डस्ट कलेक्टर बसवला. गिझर विजेचा घेतला. कार्बन मोनॉक्साइडला वास नसला तरी तो ओळखून बोंबलणारा अलार्म भिंतीवर लावला. बाळूभाऊंनी तो दोनदा वाजवून पाहिला.

आता घरगुती काम आलं की मी आधी एकच प्रश्न विचारते: फॅन जेवढी हवा बाहेर टाकणार, तेवढी आत कुठून येणार? "येईल की कुठूनतरी" असं उत्तर आलं, तर मी मोजायची टेप बॅगेत टाकते आणि काम न घेता परत येते.